निरागसतेचा आरोप : मिनी एव्हन्स यांची चित्रे आणि ‘स्वयंशिक्षित’ ही संज्ञा

कलासमीक्षेत ‘स्वयंशिक्षित’ ही संज्ञा वर्णनाचा आव आणते आणि निवाडा देऊन मोकळी होते. वर्णन म्हणून पाहिले तर तिची व्याप्ती बरीच मोठी आहे. फ्रान्सिस बेकन हे कोणत्याही कलाशाळेचे विद्यार्थी नव्हते. रवींद्रनाथ ठाकूर साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले, हस्तलिखितातील खाडाखोडीला आकार देता देता चित्रकार झाले, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. यांपैकी कोणाच्याही नावाला हे विशेषण कायमचे चिकटलेले नाही. बेकन यांच्या बाबतीत ती चरित्रातील एक बाब ठरते, रवींद्रनाथांच्या बाबतीत तर ती आधुनिकतेची खूण मानली जाते. मात्र नॉर्थ कॅरोलायनातील मिनी एव्हन्स (१८९२-१९८७) या कृष्णवर्णीय चित्रकर्त्रीचा विषय निघाला की विशेषण आधी येते आणि चित्र मागाहून. पाठोपाठ ‘निरागस’, ‘उत्स्फूर्त’, ‘प्रसन्न’, ‘मनाला उभारी देणारी’ ही शब्दांची ठरलेली वरात निघते. या वरातीत चित्राचा अर्थ कोठे हरवतो आणि तो हरवण्यात कोणाची सोय असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात असा. एव्हन्स यांचा जन्म पेंडर परगण्यातील लाँग क्रीक येथे झाला. आजीने त्यांना वाढवले, शाळा खालच्या इयत्तांतच सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झाले, तीन मुलगे झाले. विल्मिंग्टन शहराजवळ पेम्ब्रोक जोन्स नावाच्या धनाढ्य गृहस्थाच्या मालमत्तेवर आणि पुढे त्याच कुटुंबाच्या एअरली येथील घरी त्यांनी घरकाम केले. १९३५ सालच्या गुड फ्रायडेच्या दिवशी त्यांनी पहिले रेखाटन केले आणि दुसऱ्या दिवशी दुसरे. शाईने काढलेली, समकेंद्री वर्तुळांनी आणि अर्धवर्तुळांनी भरलेली ही दोन छोटी रेखाटने आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहेत. मग पाच वर्षे काहीच नाही. १९४० साली ते कागद पुन्हा हाती लागले आणि काम सुरू झाले, ते जवळजवळ अखेरपर्यंत चालू राहिले. एअरलीचे उद्यान लोकांसाठी खुले झाल्यावर, १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७४पर्यंत, त्या तेथील फाटकावर प्रवेशशुल्क घेण्याच्या कामावर होत्या. चित्रे त्या तेथेच बसून काढीत, तेथेच टांगून ठेवीत आणि क्षुल्लक किमतीला विकीत. १९६१ साली विल्मिंग्टनमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले. पुढच्या वर्षी छायाचित्रकार नीना हॉवेल स्टार यांना त्यांची माहिती कळली, आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १९६६ साली न्यूयॉर्कमधील एका चर्चमध्ये व १९७५ साली व्हिटनी संग्रहालयात ही चित्रे लोकांसमोर आली.

(अशा चित्रकर्त्रींना पहिल्या नावाने पुकारण्याची एक लडिवाळ रीत समीक्षेत रुळलेली आहे. बेकन यांना कोणी ‘फ्रान्सिस’ म्हणत नाही. मी येथे ‘एव्हन्स’ म्हणतो.)

आता चित्रांकडे येऊ. एव्हन्स यांच्या चित्रात मध्यभागी बहुधा एक मुखवटासदृश चेहरा असतो, समोर रोखून पाहणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना पाने, फुले, फुलपाखरांचे पंख आरशात दिसावेत तसे समतोल पसरत जातात. त्या पानांतून डोळे उघडतात. पान कोठे संपते आणि पापणी कोठे सुरू होते, हे पुष्कळदा सांगता येत नाही. कधी मध्यभागी राजवस्त्रे ल्यालेला, पंखधारी ईश्वर असतो. कधी मुकुट, देवदूत, उगवता सूर्य, इंद्रधनुष्य. रंग मेणखडूंचे, पुढे तैलरंगही, आणि त्यांत हिरव्याचा मान मोठा. ईश्वराला हिरवा रंग प्रिय आहे म्हणूनच त्याने सृष्टीत हिरव्याच्या इतक्या छटा योजल्या, असे त्या सांगत. ही चित्रे प्रसन्न आहेत, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या प्रसन्नतेचे श्रेय कोणाला द्यायचे याबद्दल.

प्रचलित समीक्षेने ते चित्रकर्त्रीला दिलेले नाही. ज्याँ द्युब्युफे यांनी १९४५च्या सुमारास ‘आर ब्र्यूट’ ही संज्ञा घडवली. संस्कृतीच्या संस्कारापासून अस्पर्श राहिलेली, म्हणून अस्सल, अशी कला त्यांना अभिप्रेत होती. १९७२ साली रॉजर कार्डिनल यांच्या ग्रंथाने इंग्रजीत तिला ‘बहिःस्थांची कला’ हे नाव दिले, आणि पुढे या नावाभोवती संग्राहक, दालने, लिलाव यांचा एक सुस्थिर व्यापार उभा राहिला. या व्यापारात कलावंताचे अज्ञान हेच भांडवल असते. तो जितका कमी शिकलेला, जितका एकाकी, तितकी त्याची चित्रे ‘शुद्ध’. या हिशेबात चित्रकर्त्रीला विचार करताना पकडणे परवडत नाही, कारण त्याने मालाची किंमत उतरते. तेव्हा चित्र कोणीतरी दुसऱ्याने काढले असे दाखवावे लागते, आणि ते दुसरे कोणी म्हणजे स्वप्न, दृष्टान्त, अबोध मन किंवा वंश.

स्वप्नापासून सुरुवात करू. आपली चित्रे स्वप्नांतून येतात, ती इतरांना जितकी अनोळखी वाटतात तितकीच आपल्यालाही वाटतात, असे एव्हन्स यांनी वारंवार सांगितले आहे. समीक्षकांनी हे विधान कबुलीजबाबासारखे नोंदवून घेतले: पाहा, तिला स्वतःलाच कळत नाही. १९२४ साली आंद्रे ब्रतों यांनी अतिवास्तववादाच्या जाहीरनाम्यात बुद्धीच्या नियंत्रणापासून मुक्त अशा आविष्काराचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांना आपण काय करतो हे कळत नव्हते असे कोणी म्हटले नाही. ती सिद्धान्ताची मांडणी ठरली. रवींद्रनाथांनी आपल्या चित्रांचा अर्थ सांगण्याचे टाळले, तेव्हा तो कलेच्या स्वायत्ततेचा उच्चार मानला गेला. एकच विधान पॅरिसच्या कवीने केले तर सिद्धान्त, शांतिनिकेतनच्या कवीने केले तर सौंदर्यविचार, आणि विल्मिंग्टनच्या फाटकावरील बाईने केले तर अज्ञान. विधान तेच, बोलणाऱ्याची पायरी तेवढी वेगळी. लेखकाच्या मृत्यूची द्वाही १९६७ साली रोलाँ बार्थ यांनी फिरवली. अर्थ लेखकाच्या मुठीत नसतो हे त्यानंतर आपण सर्वांनी पाठ केले आहे. मग ज्या चित्रकर्त्रीने हीच गोष्ट कोणताही ग्रंथ न वाचता स्वतःच्या चित्रांबद्दल सांगितली, तिच्या बाबतीत ती उणीव कशी होते, याचे उत्तर ‘आर ब्र्यूट’च्या कैवाऱ्यांनी द्यावे.

दुसरा कर्ता वंश. एव्हन्स यांच्या घराण्यातील परंपरेनुसार त्यांची एक पूर्वज स्त्री त्रिनिदादहून गुलाम म्हणून अमेरिकेत आणली गेली. तेवढ्या धाग्यावरून त्यांच्या चित्रांतील कॅरिबियन वळणाचा उलगडा करण्यात येतो. चिनी आणि भारतीय छटा दिसतात असेही पुष्कळदा लिहिले गेले आहे, आणि त्यांसाठी सामूहिक स्मृतीला साकडे घातले जाते. आता एक साधी वस्तुस्थिती पाहावी. पेम्ब्रोक जोन्स यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी सारा यांनी १९२२ साली हेन्री वॉल्टर्स यांच्याशी विवाह केला. हे वॉल्टर्स म्हणजे त्या काळातील अमेरिकेतल्या मोठ्या कलासंग्राहकांपैकी एक. प्राचीन, मध्ययुगीन आणि आशियाई कलावस्तूंचा त्यांचा अफाट संग्रह १९३१ साली त्यांच्या मृत्यूनंतर बाल्टिमोर शहराला मिळाला आणि आज तो त्यांच्याच घराण्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. अशा घराशी ज्यांची चाकरी जोडलेली होती, त्यांच्या चित्रांत पूर्वेकडील नक्षीचा भास झाला, तर आधी डोळ्यांचा विचार करावा की रक्ताचा? समीक्षेने रक्ताचा केला. यामागचे गृहीतक कोणी उघडपणे मांडत नाही, म्हणून येथे मांडतो: मोलकरीण धूळ झटकते, पाहत नाही.

तिसरी गोष्ट ‘शिक्षण’ या शब्दाची. एव्हन्स आयुष्यभर कृष्णवर्णीयांच्या चर्चशी बांधलेल्या होत्या. या चर्चमध्ये बायबल म्हणजे सतत ऐकलेली, गायलेली, प्रवचनांतून उलगडलेली संहिता असते. यहेज्केल संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात चाकांच्या कडा डोळ्यांनी भरलेल्या आहेत. प्रकटीकरणाच्या चौथ्या अध्यायात सिंहासनाभोवती इंद्रधनुष्य आहे आणि मागेपुढे डोळ्यांनी भरलेले चार जिवंत प्राणी आहेत. एव्हन्स यांच्या चित्रांत पानोपानी डोळे उघडतात, सिंहासनस्थ चेहऱ्याभोवती रंगांच्या कमानी उभ्या राहतात, आणि समीक्षक मात्र ‘गूढ’, ‘अनाकलनीय’, ‘आदिम’ म्हणत बसतो. आंतरसंहितात्मकता हा शब्द आपण जॉइसच्या कादंबरीसाठी राखून ठेवलेला आहे काय? संहिता ज्ञात आहे, तिचे वाचन परंपरेने घडवलेले आहे, आणि चित्रकर्त्रीने त्या वाचनात स्वतःची भर घातली आहे. मूळ संहितेतील डोळे प्राण्यांच्या अंगावर आणि चाकांवर आहेत. एव्हन्स यांनी ते वनस्पतीत आणले. न्यायासनापुढील भयाचे रूपांतर त्यांनी बागेतील निरीक्षणात केले. हा बदल लहान नाही. तो एखाद्या धर्मशास्त्र्याने केला असता तर त्यावर प्रबंध झाले असते. जिने चाळीस वर्षे या संहितेचे श्रवण-मनन केले तिला अशिक्षित म्हणणे, हे शिक्षणाची मक्तेदारी कोणाकडे आहे एवढेच सांगते.

आपल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटावे. बहिणाबाई चौधरी यांच्या कविता १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या, त्यानंतर कितीतरी वर्षे आपली समीक्षा ‘निरक्षर स्त्रीची निसर्गदत्त प्रतिभा’ या आश्चर्यातून बाहेरच पडली नाही. ओवीचा घाट, जात्यावरच्या आणि शेतातल्या गाण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त, खानदेशातील बोलीची अर्थवाही सूत्रबद्धता, ही जणू पाठशाळाच नव्हे. आश्चर्य व्यक्त केले की विश्लेषणाची जबाबदारी टळते. एव्हन्स आणि बहिणाबाई यांच्यात साम्य शोधण्याचा माझा हेतू नाही. साम्य आहे ते त्यांच्यावर लिहिणाऱ्यांत.

परंतु अमेरिकन बाजारावर ठपका ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्याकडे कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य-कलांशी जो आस्थेचा परिचय झाला तो मुख्यतः दलित साहित्याच्या चळवळीमुळे. १९७२ साली स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने नावच मुळी ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते. हे नाते खरे होते, आणि त्याने मराठी वाङ्मयविचाराला जे दिले ते मौल्यवान आहे. तथापि त्या परिचयातून एक कसोटीही पक्की झाली: कृष्णवर्णीयांची कला म्हणजे विद्रोहाची कला, आणि विद्रोह म्हणजे नकाराचा, संतापाचा स्वर. या कसोटीला एव्हन्स उतरत नाहीत. देवदूत, मुकुट, फुले पाहिली की आपल्या प्रतिबद्ध समीक्षकाच्या तोंडी ‘पलायनवाद’ हा शब्द तयारच असतो. बाजार त्यांना निरागस म्हणून डोक्यावर घेतो, आपण निरागस म्हणून बाजूला सारतो. निरागसतेचा आरोप मात्र दोन्हीकडे सारखाच.

पलायनाचा हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीतांत कनान देश म्हणजे उत्तरेकडील मुक्त प्रदेश असाही अर्थ होता, हे फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ सालच्या आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे. स्वर्गाची प्रतिमा त्या समाजात दुहेरी भाषा बोलत आलेली आहे. प्रतीक प्रसन्न आहे म्हणून ते निःशस्त्र आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्याने ही परंपरा ऐकलेली नसते. १९२६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी कला प्रचारच असते अशी भूमिका घेतली, आणि त्याच वर्षी लँग्स्टन ह्यूज यांनी कृष्णवर्णीय कलावंताने गोऱ्यांच्या वा स्वजनांच्याही पसंतीची फिकीर न करता स्वतःला व्यक्त करावे असे प्रतिपादन केले. म्हणजे हा वाद त्यांच्या घरातच चांगला रंगलेला होता. आपण त्यातली एकच बाजू उसनी आणली.

येथे एक वेगळा मोह टाळावा लागतो. १० नोव्हेंबर १८९८ रोजी विल्मिंग्टनमध्ये सशस्त्र गोऱ्या जमावाने अलेक्झांडर मॅनली यांच्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राची कचेरी जाळली, कृष्णवर्णीयांची हत्या केली आणि निवडून आलेले नगरशासन शस्त्रांच्या धाकाने उलथून टाकले. एव्हन्स तेव्हा सहा वर्षांच्याही नव्हत्या आणि त्याच परिसरात वाढत होत्या. हे कळताच त्या रोखलेल्या डोळ्यांत भयाची साक्ष वाचण्याची इच्छा होते. मी ती वाचत नाही. तसे वाचन धाडसी दिसते, पण त्याचे तर्कशास्त्र वंशस्मृतीच्या तर्कशास्त्राहून वेगळे नाही. तेथे रक्त चित्र काढते, येथे जखम. दोन्हीकडे चित्रकर्त्री गैरहजर. १८९८ची घटना चित्राचा अर्थ नव्हे, ती चित्र ज्या भूमीवर उभे आहे ती भूमी आहे. जेथे माणसांचा छापखाना जाळला गेला, मत हिरावले गेले, तेथे एक स्त्री पुढे ईश्वराला राजवस्त्रे नेसवून बागेत बसवते आणि त्या बागेतील प्रत्येक पानाला पाहण्याचा अधिकार देते. यात क्रोध शोधण्याची गरज नाही, आणि हे भोळेपणाने घडले असे मानण्याचीही नाही.

ती बाग कोणाची, हा प्रश्नही विचारायला हवा. अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७४ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात आईच्या बागेची आठवण सांगितली आणि गुलामगिरीतील स्त्रियांची सर्जकता कोठे गेली असेल असे विचारले. स्त्रीवादी समीक्षेला त्या निबंधाने नवी दिशा दिली. पण त्याचा आधार घेऊन एव्हन्स यांच्याकडे येणारे पुष्कळजण एक फरक विसरतात. वॉकर यांच्या आईची बाग तिची स्वतःची होती. एअरलीची बाग एव्हन्स यांची कधीच नव्हती. त्या तिच्या दाराशी बसून दुसऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घेत होत्या. त्यांनी कागदावर जी बाग उभी केली तिच्यात अझेलियाचे ताटवे नाहीत, आखीव वाटा नाहीत, भेट देणारे नाहीत, फाटकही नाही. एअरलीच्या नावाची त्यांची १९६७ सालची एक रचना आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. शीर्षकात बागेचे नाव आहे ते चित्र जेथे घडले त्या जागेची नोंद म्हणून. चित्रातली जागा दुसरीच आहे.

आणि फाटकाची गोष्ट एकट्या एव्हन्स यांचीही नाही. लुइझियानातील मेलरोझ मळ्यावर राबलेल्या क्लेमेंटाइन हंटर यांचे प्रदर्शन १९५५ साली नॅकिटॉश येथील नॉर्थवेस्टर्न स्टेट महाविद्यालयात भरले, तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांबरोबर स्वतःची चित्रे पाहण्याची मुभा त्यांना नव्हती. प्रदर्शन बंद असताना त्यांना गुपचूप आत नेण्यात आले. त्याच संस्थेने १९८६ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. या दोन तारखांमध्ये एकतीस वर्षे आहेत. त्या काळात त्यांची चित्रे किती बदलली याचा अभ्यास थोडाच झाला. त्यांना शिक्षण नव्हते हे मात्र प्रत्येकाने लिहिले.

चित्रकर्त्रीच्या कर्तेपणाचा पुरावा मागणाऱ्यांनी एव्हन्स यांची कोलाजे पाहावीत. साठोत्तर वर्षांत त्यांनी आपली जुनी, छोटी चित्रे कापून मोठ्या फलकांवर चिकटवली, मधल्या जागा नव्याने रंगवल्या, आधीच्या चेहऱ्याला नवी पाने फुटू दिली. काही फलकांवर एकाहून अधिक वर्षांची नोंद आढळते. स्वप्नाच्या हुकुमाने काढलेले चित्र वीस वर्षांनी हातात घेऊन त्याला कात्री लावणारी व्यक्ती झोपेत नसते. काय ठेवायचे, काय झाकायचे, कोणता डोळा कोणत्या पानाशेजारी आणायचा, हे ती ठरवत असते. आपल्या संपूर्ण कृतीचे ती पुनर्वाचन करीत असते आणि कित्येक जुन्या अर्थांना रजा देत असते. ‘उत्स्फूर्त’ या शब्दाने या कामाचे वर्णन करता येत नाही. सांध्यांचा अभ्यास व्हायला हवा: जुना कागद कोठे संपतो, नवा रंग कोठून सुरू होतो, १९४०च्या दशकातील रेघ साठोत्तर रंगाशेजारी बसवताना कोणत्या कडा मुद्दाम दिसू दिल्या आहेत आणि कोणत्या लपवल्या आहेत. एव्हन्स यांच्यावर इतके प्रेमळ लेखन झाले, त्यातल्या फारच थोड्यांनी या कडांपर्यंत मान वाकवली आहे.